इंग्रजीच्या तासाला बसलेली पाटीवाली

आमची ही गेली तेव्हा घरी भेटायला येणारी माणसं एकच बोलत होती. "फार सोशिक होती हो बिचारी." मी गप ऐकून घेतलं. पण चहा पिऊन उठताना एक जण परत तेच म्हणाला, तेव्हा मी त्याला विचारलं, "तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या घरी आलात काय?" सोशिक म्हणे! हिच्या तोंडाला भिऊन पोस्टमन आमची पत्रं शेजाऱ्याकडे टाकून जायचा. मेल्यावर माणसाला उगाच गरीब गाय करून टाकतात. मला ते चालणार नाही. म्हणून ही हकिगत लिहितोय. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन नातीनं तपासलंय. बोलणं माझं आहे, त्याला तिला हात लावू दिला नाही.

नव्वदनंतरची वर्षं. नेरूळमध्ये सेक्टरामागून सेक्टर उठत होते आणि आमचं सारसोळे गाव मध्ये आपलं होतं तिथंच बसलं होतं. गावापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक नवं कॉलेज निघालं. तिथं मी शिपाई लागलो. पोरं मला मामा म्हणायची. ही सकाळी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन सेक्टरातल्या सोसायट्यांत फिरायची आणि दुपारी कॉलेजवरून घरी जायची. तिला पोरं मावशी म्हणायची. ती भडकायची. "याला मामा न् मना मावशी? म्हंजे आमी भाऊ-बहीन काय रं?" पोरं मुद्दाम म्हणायची मग.

त्या वर्षी इंग्रजीला एक नवीन मॅडम आल्या. देशावरच्या, साताऱ्याकडच्या. वयानं लहान, नोकरी तात्पुरती. अकरावीच्या वर्गात अर्धी पोरं सारसोळ्याची आणि शेजारच्या करावे गावची, अर्धी सोसायट्यांमधली. इंग्रजी वाचायचं म्हटलं की सगळ्यांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे. आधीचे सर गाईड लिहून द्यायचे, पोरं ते पाठ करायची, परीक्षेत ओकायची, आणि सगळे सुखी होते.

मॅडमनी गाईड बंद केलं. त्या स्वतः सोप्या इंग्रजीत गोष्टी लिहायच्या. मी त्या सायक्लोस्टाइल मशीनवर काढायचो, शाईनं हात काळे व्हायचे. मग त्या कागदाचे तुकडे करायचे. प्रत्येक बाकाला एकच तुकडा. पूर्ण गोष्ट कुणाकडेच नाही. पोरांनी आपला तुकडा वाचायचा, उठायचं, दुसऱ्या बाकावर जायचं, तुझ्यात काय आहे, माझ्यात काय आहे, असं करत गोष्ट जुळवायची. वर्गात नुसता गलका. शेजारच्या वर्गात ते गाईडवाले सर शिकवायचे. ते दारात येऊन म्हणायचे, "हे कॉलेज आहे की मासळी बाजार?" मी म्हणायचो, "सर, बाजारात निदान भाव ठरतो." मला तेव्हापासून त्यांनी चहा आणायला सांगणं बंद केलं. बरं झालं.

तुकडे कापायचं काम माझं. एकदा कापताना दोन गोष्टी एकत्र झाल्या. एक होती राजाच्या हत्तीची, दुसरी एका शिंप्याची. मला इंग्रजी वाचता येत नाही, सगळ्या मुंग्या सारख्याच. वर्गात पोरांनी ते इमानदारीनं जुळवलं. हत्ती शिवणयंत्रावर बसला आणि राणीचा ब्लाउज शिवायला लागला. मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या. मी माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, "मामा, हत्ती मशीनवर बसला हे त्यांना कळलं ना? म्हणजे वाचलं त्यांनी. पुन्हा चुकलात तरी चालेल."

घरी येऊन मी हे हिला सांगितलं. मला वाटलं हसेल. ती कोलंबी सोलत होती. वर न बघता म्हणाली, "मग? ब्लाउज बसला का रानीला?"

झालं. तिथून तिला चटक लागली. रोज संध्याकाळी तिला कॉलेजातली गोष्ट हवी. मी दुपारी पोरांना पकडून विचारायचो, ती मला मराठीत सांगायची, मी घरी येऊन हिला. पण मॅडम गोष्ट मध्येच तोडायच्या. पुढं काय होईल ते तुम्ही ओळखा, उद्या बघू, असं. पोरांना मजा वाटायची. माझी घरी पंचाईत. मी गप बसलो की ही म्हणायची, "मग?" मी म्हणायचो, पुढचं उद्या. "उद्या कसं? त्या बायचा नवरा घरात आला, तिनं दार लावलं, न् उद्या? तुमी काय ऐकून आलाव?" जेवण होईपर्यंत ते "मग" चालायचं. तेव्हा कटकट वाटायची. आता संध्याकाळी टीव्ही लावून बसतो. त्यातली माणसं बोलत राहतात, मी काही सांगायचं म्हटलं तरी पुढचं विचारणारं कुणी नाही. असो.

एका दुपारी ही माझ्यावर विश्वास न ठेवता सरळ वर्गाच्या दारात. डोक्यावर पाटी. पाटीत उरलेले बोंबील. मॅडमना म्हणाली, "बाय, तुमी गोष्ट तोडताव न् यो मानूस घरी अर्धी आनतो. मना पुरी सांगा, मी जाते."

मी कपाळावर हात मारला. मॅडमनी मात्र पाटीकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मावशी, मी नाही सांगणार. ही मुलं सांगतील. तुम्ही विचारा." मागच्या बाकावर जागा करून दिली. पाटी जिन्याखाली ठेवायला लावली, तेवढी शिस्त होती.

त्या दिवसापासून नवाच खेळ सुरू झाला. पोरांनी इंग्रजीत वाचायचं आणि मावशीला मराठीत सांगायचं. मावशीचं समाधान झालं तर सुटले, नाही तर परत कागदात डोकं घाला. आणि हिचं समाधान म्हणजे काय चीज आहे ते मला ठाऊक. हिला गोष्टीतल्या राजाचं काही पडलेलं नसायचं. घरातल्या भानगडी हव्या असायच्या.

"ती सून रडत का होती?"

"ते नाय लिवलं, मावशी."

"नाय कसं? उगाच कोन रडतं? बघ परत."

पोरगा कागद बघायचा. आणि खरंच एखादी ओळ निघायची, की सासूनं सुनेची पेटी उघडली होती. पोरानं ती ओळ उडवलेली असायची. कठीण दिसली की उडवायची, ही त्यांची सवय. हिच्यापुढे ते चालेना.

सोसायटीतला एक पोरगा होता, लहानपणापासून इंग्रजी शाळेतला. त्याला वाटलं आपण बादशहा. पण सांगायचं मराठीत. तो म्हणाला, "मावशी, तो माणूस खूप अँग्री झाला आणि त्याने त्याच्या वाइफला सोडलं." ही म्हणाली, "कुठं सोडलं? स्टँडवर?" वर्ग फुटला. पोरगा लाल. करावेची एक मुलगी त्याच्या शेजारी बसायची, काळीसावळी, चुणचुणीत, आई तिची खाडीत जाळं टाकणाऱ्यांच्या घरातली. तिला इंग्रजीची भीती, त्याला मराठीची. दोघं एकमेकांना धरून चालायला लागली. एक वाचायचा, एक सांगायची. मॅडमना हेच हवं होतं.

पण गाईडवाले सर प्रिन्सिपल साहेबांच्या कानाला लागले. वर्गात मासेवाली बसते, वास येतो, अभ्यासक्रम होत नाही. साहेब कडक माणूस. इस्त्रीची घडी मोडेल म्हणून हसायचे नाहीत. त्यांनी मॅडमना बोलावलं. मी पाणी घेऊन आत होतो म्हणून ऐकलं. "शनिवारी मी स्वतः तासाला बसतो. मुलांनी वाचलेलं त्यांना समजलंय असं दिसलं तर ठीक. नाही तर सोमवारपासून गाईड, आणि दिवाळीनंतर तुमच्या जागेचा मला विचार करावा लागेल." मॅडम "हो सर" म्हणाल्या. बाहेर आल्यावर पाण्याचा ग्लास माझ्याच ट्रेमधून उचलला आणि रिकामा केला. तो साहेबांचा होता.

आता यात गोम काय होती ते सांगतो.

मॅडम साहेबांकडे होत्या, त्याच वेळी वर्गात नवी गोष्ट चालली होती. मॅडमनी खाडीकाठचं गाव बघून मुद्दाम तशीच लिहिली होती. एक मच्छीमार होडी घेऊन जातो, बायको काठावर दिवा घेऊन उभी राहते. शेवटच्या तुकड्यात सकाळ होते, होडी परत येते. होडीत कोणी नसतं. देशावरच्या माणसाला काय कळणार? आमच्याकडे ज्या घरचं माणूस पाण्यावर आहे, त्या घरच्या बाईसमोर बुडाल्याचं बोलत नाहीत. गोष्टीतही नाही, थट्टेतही नाही. आणि आमचा मुलगा तेव्हा उरणकडच्या मोठ्या बोटीवर खलाशी होता. वारा सुटला होता, बोटी परत लागत होत्या, त्याची अजून लागली नव्हती. ही तोंडानं काही बोलत नव्हती. पण त्या दिवसांत रोज दुपारी पाटी ठेवून वर्गात बसायची ती त्यासाठीच, हे मला कळत होतं. घरी एकटीला बसवत नव्हतं.

शेवटचा तुकडा नेमका त्या करावेच्या मुलीच्या हातात. तिनं वाचला. मुठीत चुरगळला. ही मागून म्हणाली, "काय गं बाये? आला का तो?"

"आला ना मावशी! सकाळी होडी आली, मासली इतकी का पाऊल ठेवाला जागा नाय. सासूला मोठा हलवा मासा आनला त्यानं."

सोसायटीतला पोरगा म्हणाला, "पण यात तर..." आणि पुढं किंचाळला. तिनं त्याच्या पायावर पाय दिला होता. गावातली बाकीची पोरं लगेच सुरू झाली. घोळ मासा पण मिळाला, मावशी. बायकोनं नवी साडी नेसली, मावशी. ही खूश. दुसऱ्या दिवशी अर्ध्या सेक्टरानं ती गोष्ट ऐकली, कोलंबीच्या वाट्याबरोबर फुकट.

मुलीनं मला पॅसेजमध्ये गाठून सांगितलं. "मामा, आमी शेवट बदलला. मॅडमना नको सांगू. त्या सरळ हायत, त्यांना खोटं जमनार नाय." मी म्हणालो, शहाणी आहेस. तेव्हा कुणाला ठाऊक होतं की शनिवारी साहेब हीच गोष्ट काढून बसतील.

शनिवारी मी हिला म्हणालो, आज कॉलेजला नको येऊस. "का? बायची परीक्षा हाय न् मी घरी बसू?" आली. बरं लुगडं नेसून आली. पाटी जिन्याखाली, ही मागच्या बाकावर, साहेब पुढं खुर्चीत, हातात तो कागद. मी ट्रे घेऊन दाराशी. गाईडवाले सर सहज आल्यासारखे खिडकीबाहेर.

साहेब म्हणाले, "इंग्रजीत नको, मराठीत सांगा. मला फक्त समजलंय का ते बघायचंय. या गोष्टीच्या शेवटी काय होतं?"

साहेबांनी एकाला उभं केलं. तो बुटाकडे बघत राहिला. दुसऱ्याला. तो छताकडे. मॅडमचा चेहरा पांढरा पडत चालला. त्यांना काय ठाऊक? त्यांना वाटलं, आपण इतके महिने जे केलं ते सगळं पाण्यात.

मी हिच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "तुझ्या पाटीवर मांजर बसलंय."

"बसूंदे. हितं पोरांची वाचा बसली." आणि मोठ्यानं, "अरं सांगा ना! मना सांगितलं ते साहेबाला सांगा! नाय तर मी सांगते. साहेब, होडी आली ना, मासली गच्च भरून. सासूला हलवा."

साहेबांनी चष्मा वर केला. "हलवा? यात हलवा कुठे आहे?" कागद उलटसुलट केला. "मॅडम, हे समजलंय मुलांना? इथे तर स्पष्ट लिहिलंय की होडी आली पण तो..."

मी ट्रे सोडला. सोडला म्हणजे साहेबांच्या मांडीवर सोडला. दोन ग्लास पाणी. साहेब उडाले, मी "माफ करा साहेब, हात थरथरला" म्हणत त्यांची पँट फडक्यानं पुसायला लागलो. माझा हात कधी थरथरत नाही. ही मागून म्हणाली, "वय झालं त्याचं."

तेवढ्यात करावेची मुलगी उभी राहिली. इंग्रजीची भीती असलेली तीच. म्हणाली, "सर, मी इंग्लिशमध्ये सांगू?"

पुढं ती काय बोलली ते मला पोरांनी नंतर समजावलं. तिची अडचण अशी, की बोट, मॅन, डेड असले शब्द हिलाही कळायचे, टीव्हीमुळे. म्हणून ती एकेक शब्द चुकवत गेली, चिखलात दगड शोधत पाय टाकतात तशी. "सर, द वुडन थिंग केम बॅक. इट वॉज एम्प्टी. द लेडी इज स्टिल वेटिंग." साहेबांनी इंग्रजीत विचारलं, की मग या बाईंना वेगळं का सांगितलं? मुलीची गाडी तिथं अडली. मग सोसायटीतला पोरगा उठला. "सर, हर ओन चाइल्ड इज ऑन द सी. ही हॅज नॉट रिटर्न्ड. वुई रेड द रियल एंडिंग, सर. वुई कुड नॉट से इट." मग तिसरा उठला, चौथी उठली. मोडकंतोडकं, पण सगळं इंग्रजीत. दिवा कुठं ठेवला होता, बायको काय म्हणाली, सगळं. खरा शेवट नीट वाचल्याशिवाय खोटा कसा करणार? इतके महिने मॅडम ज्यांच्या तोंडून एक वाक्य काढू शकल्या नव्हत्या ती पोरं हिच्या कानापासून शेवट लपवायला धडाधड बोलत होती. ही मान डोलवत होती. आपलीच गोष्ट साहेबाला इंग्रजीत सांगतायत म्हणून कौतुकानं.

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला होता. साहेब ओल्या पँटनं उभे. त्यांनी मागं बघितलं.

ही म्हणाली, "काय साहेब? काय बोलली पोरं?"

साहेब घसा खाकरून म्हणाले, "बरोबर आहे मावशी. होडी आली. भरून आली."

"न् हलवा?"

साहेब शुद्ध शाकाहारी. त्यांना हलवा म्हणजे गाजराचा ठाऊक. तरी म्हणाले, "हो. मोठा."

दारातून जाताना मॅडमना म्हणाले, "सोमवारी तास नेहमीसारखा घ्या. गाईड नको." आणि खिडकीबाहेरच्या सरांना, "तुम्ही इथे काय करताय? तुमचा वर्ग सुरू आहे ना?"

पुढच्या आठवड्यात मुलाची बोट लागली. इंजिन बिघडलं होतं म्हणे. आला, जेवला, झोपला. तेव्हा मी हिला खरा शेवट सांगितला. पोरांनी काय केलं, पाणी मी का सांडलं, सगळं. हिनं विळी बाजूला सारली.

"म्हंजे साहेब पन खोटं बोलला?"

"बोलला."

"एवढा मोठा मानूस?"

दुसऱ्या दिवशी सरळ ऑफिसात. आम्ही सगळे होतो, क्लार्क, मॅडम, गाईडवाले सरसुद्धा. ही साहेबांच्या टेबलापुढे उभी राहून म्हणाली, "साहेब, तुमी नापास. शेवट चुकीचा सांगितलाव. माझा पोरगा आला घरी, आता मना खरा सांगा. न् नीट वाचून सांगा, पोरांसारखं उडवू नका."

क्लार्कनं पेन खाली ठेवलं. मला वाटलं नोकरी गेली माझी. साहेब मॅडमकडे वळून म्हणाले, "तो कागद कुठे आहे? फेरपरीक्षा आहे माझी."

आणि आले की खरंच. वर्गात, करावेच्या मुलीच्या बाकावर दाटीवाटीनं बसले, कागद डोळ्यांजवळ धरला आणि हिला मराठीत पहिल्यापासून गोष्ट सांगायला लागले. पहिल्याच ओळीला हिनं अडवलं, "थांबा. त्या बायला माहेरचं कोन हाय का नाय?" साहेब परत कागदात शिरले. तास संपायची वेळ झाली. घंटा माझ्या ताब्यात. मी पॅसेजमध्ये उभा राहिलो, लाकडी हातोडा हातात घेऊन, आणि वाजवलीच नाही.